०२० वरून ३७० कडे

ड्युईच्या दशांश वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकं विषयवार लावायच्या पद्धतीत, ग्रंथालयशास्त्राचा क्रमांक ०२० आणि शिक्षणशास्त्राचा ३७०. मांडणीवर या दोघांच्या मध्ये तत्त्वज्ञान, मानसशास्त्र आणि धर्म बसलेले असतात. हे अंतर चालायला अर्धं मिनिट पुरतं. नोकरीत तेच अंतर कापायचं ठरवलं, तर किमान दोन वर्षं हाताशी हवीत. ग्रंथालय सोडून वर्गात शिकवायला निघालेल्या माणसाला आसपासचे लोक दोनपैकी एक गोष्ट ऐकवतात. काही म्हणतात, पुस्तकांतलाच माणूस, सहज जमेल. काही म्हणतात, ग्रंथालयशास्त्राचं बी.लिब., एम.लिब. सगळं वाया गेलं. मला दोन्ही म्हणणी चुकीची वाटतात. ती का चुकीची, हे उलगडत गेलं की तयारी कशाची करायची तेही आपोआप कळतं.

बडोद्यात तर हे दोन व्यवसाय एकाच घरात वाढले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. पण प्राथमिक शाळेतून बाहेर पडलेल्या पोराच्या हाती वाचायला काही आलं नाही, तर दोन-चार वर्षांत त्याची अक्षरं पुसट होतात. शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय हवं, हा विचार त्यातूनच आला. १९१० मध्ये ग्रंथपाल विल्यम बॉर्डन अमेरिकेहून बडोद्याला आले, ते याच कामासाठी. १९११ मध्ये त्यांनी ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग चालवला. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या आणि अनेक गावांत पेटीचा ताबा शाळामास्तरांकडेच असे. पुस्तक देणारा आणि धडा शिकवणारा हात एकच. गुजरातच्या ग्रंथालय चळवळीचे पितामह म्हणून ज्यांचं नाव घेतात, ते मोतीभाई अमीन मुळात शिक्षक. देशाच्या ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे रंगनाथन गणित शिकवत होते आणि १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. पहिल्या काही दिवसांतच त्या शांततेला कंटाळून त्यांनी आपल्याला परत वर्गात घ्यावं अशी विनंती केली होती. पुढे लंडनला जाऊन तिथली ग्रंथालयं पाहिली, तेव्हा त्यांचं मन बदललं.

म्हणजे मोठी माणसं वर्गातून ग्रंथालयाकडे गेली. उलट दिशेची वाट कमी वापरातली आहे, आणि ती अवघड का, याचं कारण एका वाक्यात मावतं: ग्रंथालयात माणूस प्रश्न घेऊन येतो, वर्गात मुलं घंटा झाली म्हणून येतात.

चांगल्या ग्रंथपालाचं खरं कसब ऐकण्यात असतं. काउंटरवर येऊन कोणी विचारतं, 'इतिहासाची पुस्तकं कुठं आहेत?' नवखा माणूस ९०० च्या मांडणीकडे बोट दाखवतो. मुरलेला ग्रंथपाल आणखी दोन प्रश्न विचारतो आणि कळतं, की मुलीला शाळेत पानिपतावर एक पान लिहून न्यायचंय, तेही उद्या. मग तो पन्नास पुस्तकांऐवजी एका पुस्तकाचं एक प्रकरण हातात ठेवतो. विचारलेल्या प्रश्नामागचा प्रश्न ओळखायचा, हे त्याचं कौशल्य. वर्गात मात्र आधी प्रश्न निर्माण करावा लागतो. चाळीस मुलांपैकी एकालाही तो पडलेला नसतो. ग्रंथपाल पहिल्या महिन्यात चाचपडतो तो इथेच. त्याच्याकडे उत्तरं भरपूर असतात आणि मागणारं कोणी नसतं.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण त्यात फसलेली वर्षं परत येत नाहीत. ग्रंथालयशास्त्राची पदवी शाळेच्या विषयशिक्षकाच्या पदाला चालत नाही. मोजली जाते ती त्याआधीची पदवी. बी.ए.ला मराठी, हिंदी, इतिहास किंवा बी.एस्सी.ला गणित असेल, तर तोच तुमचा अध्यापनविषय. काही भरतींत तो विषय पदवीच्या सगळ्या वर्षांना असायला हवा अशी अट असते, म्हणून जुन्या गुणपत्रिका काढून वर्षागणिक विषय तपासा. अकरावी-बारावीला शिकवायचं असेल तर त्याच विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. एम.लिब. तिथे उपयोगाचं नाही.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. प्रवेशासाठी पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला साधारण ५० टक्के गुण हवेत. हजेरी अभ्यासक्रमासाठी ८० टक्के आणि शाळेतल्या आंतरवासितेसाठी (इंटर्नशिप) ९० टक्के, आणि ही आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची. 'नोकरी सांभाळून करू' हा बेत इथे कोसळतो. पूर्णवेळ नोकरी आणि पूर्णवेळ बी.एड. एकत्र चालत नाही, आणि चालवून दाखवतो म्हणणाऱ्या संस्थेपासून लांब राहावं. पत्राद्वारे होणारं बी.एड. मुख्यतः आधीच प्रशिक्षण घेतलेल्या प्राथमिक शिक्षकांसाठी आहे. नुसत्या बी.लिब.वर तिथे प्रवेश मिळत नाही. तेव्हा दोन वर्षांच्या घरखर्चाची तजवीज आधी आणि राजीनामा नंतर, हाच क्रम ठेवा.

पहिली ते पाचवीला शिकवायची इच्छा असेल तर बी.एड. करूच नका. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की प्राथमिकच्या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही. तिथे डी.एल.एड.सारखं प्राथमिक शिक्षकाचं प्रशिक्षण लागतं. शिक्षकाची पात्रता परीक्षाही द्यावी लागते: गुजरातमध्ये सहावी ते आठवीसाठी टेट-२, त्यापुढच्या वर्गांसाठी टाट. केंद्राच्या सीटेट या पात्रता परीक्षेत दीडशे प्रश्न, अडीच तास, पात्रतेला ६० टक्के. २०२१ पासून टेटचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे बी.एड.च्या शेवटच्या वर्षातच ही परीक्षा देऊन टाकणं शहाणपणाचं.

बी.एड.मधला सूक्ष्म अध्यापनाचा भाग बरेच जण उरकून टाकतात. ग्रंथपालाने तसं अजिबात करू नये. एकाच कौशल्यावर सहा मिनिटांचा पाठ, सहा मिनिटं सहाध्यायांचा अभिप्राय, बारा मिनिटं नव्याने आखणी, पुन्हा सहा मिनिटं पाठ आणि सहा मिनिटं अभिप्राय, असं छत्तीस मिनिटांचं ते चक्र असतं. त्यातलं प्रश्न विचारण्याचं आणि फलकलेखनाचं कौशल्य दोन-तीनदा घासून घ्या. विषयाचं ज्ञान तुमच्याकडे असेलच. अडतं ते या दोन ठिकाणी.

आता आवाज. ग्रंथपालाचा गळा वर्षानुवर्षं हळू बोलण्याला सरावलेला असतो. दिवसाला पाच-सहा तास शिकवायची वेळ आली की तो मोठ्याने बोलायला जातो, आणि तेही घशातून. दोन-तीन आठवड्यांत आवाज बसतो. मग विश्रांती म्हणून कुजबुजतो, आणि तिथे दुसरी चूक होते. कुजबुजण्याने घशाला आराम मिळत नाही, उलट ताण पडतो. पोटातून श्वास घेऊन, वाक्य लहान ठेवून, नेहमीच्याच पट्टीत पण स्पष्ट बोलायचं. गलक्यावरून ओरडायचं नाही. फळ्याजवळ एका जागी थांबायचं, गलका उतरू द्यायचा आणि पहिलं वाक्य हळू उच्चारायचं. पाण्याची बाटली टेबलावर हवीच. डस्टर किंचित ओलं ठेवलं आणि फळा वरून खाली पुसला, तर खडूची धूळ तोंडावर येत नाही.

शांततेबद्दलही मन बदलावं लागतं. वाचनकक्षात आवाज म्हणजे बिघाड. वर्गात तसं नसतं. गटात काम करणाऱ्या मुलांचा एक सलग, खालच्या पट्टीतला गुंजारव असतो, तो कामाचा. मधूनच एका कोपऱ्यातून उसळणारा, हशाने तुटणारा आवाज वेगळा. पहिला दाबला तर काम थांबतं. दुसऱ्यासाठीही नाव घेऊन ओरडण्यापेक्षा शिकवणं चालू ठेवून त्या कोपऱ्यात जाऊन उभं राहणं पुरतं.

फळ्यावरचं अक्षर साधारण पाच सेंटिमीटर उंचीचं हवं. पहिल्या दिवशी रिकाम्या वर्गात एक ओळ लिहून शेवटच्या बाकावर बसून वाचून पाहा. डावीकडचा एक पट्टा नव्या शब्दांसाठी राखून ठेवायचा, तो तास संपेपर्यंत पुसायचा नाही. मधली जागा चालू कामाला, उजवा कोपरा घरच्या अभ्यासाला. बडोद्यात मराठी किंवा हिंदी शिकवणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इथली बहुतेक मुलं दिवसभर गुजराती लिपी पाहतात, तिला शिरोरेघ नाही. त्यामुळे देवनागरी लिहिताना रेघ गळते, शब्द एकमेकांना चिकटतात आणि ख, च, ज, फ, ब ही अक्षरं गुजराती वळणाने उमटतात. हा निष्काळजीपणा नव्हे, दोन लिप्यांची सरमिसळ आहे. शब्द पूर्ण लिहून झाल्यावर वरून एकच रेघ ओढायची सवय फळ्यावर स्वतः करून दाखवली, तर शब्दांमधलं अंतरही सुधारतं. तीच गत शब्दांची. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, मराठीत थट्टा. तीन भाषांमध्ये वावरणाऱ्या मुलांना असे शब्द भलते आवडतात, आणि इथे ग्रंथपालाला कोशाची ओढ उपयोगी पडते.

कोशाचं निघालंच आहे तर एक तास पुरता उलगडून पाहू, कारण ग्रंथपाल वर्गात काय चुकतो ते त्यात स्वच्छ दिसतं. विषय: शब्दकोश पाहायला शिकणं. वर्ग सहावी, मुलं चाळीस. ग्रंथपाल उत्साहाने कोशांचे प्रकार, कोशांचा इतिहास, व्युत्पत्ती कोश, विश्वकोश असं सगळं आखतो आणि शोधायला वीस शब्द देतो. पस्तीस मिनिटांच्या तासात प्रत्यक्षात हाती येतात अठ्ठावीस. मुलं बसणं, हजेरी आणि पुस्तकं वाटण्यात उरलेली जातात. निम्मी मुलं तिसऱ्या शब्दावर अडकतात आणि कोशाचा राग मनात घेऊन जातात.

असा आखला तर तो तास चालतो. चार मुलांमागे एक कोश, म्हणजे दहा प्रती, सगळ्या एकाच आवृत्तीच्या. वेगवेगळे कोश आणले तर पानं जुळत नाहीत आणि वर्गाला एकत्र काही सांगताच येत नाही. घंटेआधी दहा बाकांवर दहा कोश ठेवून द्या. पहिली पाच मिनिटं फळ्यावर फक्त बाराखडीचा क्रम: क, का, कि, की... कौ. मग प्रश्न विचारा, 'क्रम' हा शब्द 'कौल'च्या आधी सापडेल की नंतर? आणि थांबा. मनात तीन आकडे मोजेपर्यंत एकही शब्द बोलू नका. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने शिक्षक प्रश्नानंतर किती थांबतात ते मोजलं होतं. सरासरी सेकंदभर. ते तीन सेकंदांवर नेलं, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. काउंटरवर झटपट उत्तर देणं हा ग्रंथपालाचा धर्म असतो, वाचकाचा वेळ वाचवा हा रंगनाथनांचा नियमच आहे. त्यामुळे हे तीन सेकंद त्याला फार जड जातात.

कोणीतरी म्हणेल नंतर, कोणी आधी. आता कोश उघडू द्या. जोडाक्षरं साध्या बाराखडीनंतर येतात, हे मुलं स्वतः पाहतात. मग मुख्य शब्द: 'क्षमा'. शाळेच्या वर्णमालेत क्ष आणि ज्ञ शेवटी शिकवलेले असतात, म्हणून मुलं कोशाच्या शेवटच्या पानांकडे धावतात. बऱ्याच कोशांत तिथे काही नसतं. क्ष म्हणजे क् आणि ष, म्हणून तो क मध्ये, कौ संपल्यावर. ज्ञ तसाच ज मध्ये. शोधून न सापडल्याची ती दोन मिनिटं या तासाचं मर्म आहेत. तिथे घाईने मदत करू नका. अनुस्वाराचे शब्द कोशागणिक वेगळ्या जागी असतात, म्हणून वापरणार असाल त्या कोशाची सुरुवातीची सूचनापानं आदल्या दिवशी वाचून ठेवा. असे चार शब्द झाले की पुरे. शेवटच्या सहा मिनिटांत प्रत्येक गटाने आपल्याला हवा तो एक शब्द शोधायचा आणि पान क्रमांकासह वहीत लिहायचा. व्युत्पत्ती कोश पुढच्या वर्षी.

माझ्या मते या बदलातली सर्वांत कठीण गोष्ट हीच, टाकून देणं. ग्रंथालयातही जीर्ण, कालबाह्य पुस्तकं बाजूला काढतात. तासाचं टाचण लिहिताना तीच कात्री चालवा. टाचणाच्या वर एक वाक्य लिहायचं: या तासानंतर मुलाला काय करता येईल? ज्याला पुस्तकाचा विषय एका ओळीत पकडायची सवय आहे, त्याला हे वाक्य इतरांपेक्षा चांगलं जमतं. त्या वाक्यात न बसणारं सगळं वगळायचं, कितीही सुंदर असलं तरी.

एका मुलाजवळ रमून जाणं ही दुसरी सवय. मूल म्हणतं, 'कळलं नाही.' ग्रंथपाल वाकून, मन लावून समजावतो. मागे एकोणचाळीस मुलं मोकळी होतात. बाकाच्या बाजूला असं उभं राहावं की उरलेला वर्ग नजरेत राहील, आणि अर्ध्या मिनिटात तिथून निघावं. विचारायचं मात्र ग्रंथपालाच्याच पद्धतीने: 'कुठपर्यंत कळलं?' या एका प्रश्नाने मूल स्वतःच अडलेली ओळ दाखवतं. तिथे एक इशारा द्यायचा आणि पुढच्या फेरीत परत यायचं. हे कसब शिक्षकांना शिकवायला बरीच वर्षं लागतात, ग्रंथपाल ते घेऊनच येतो.

वह्यांचं गणित आधी मांडून ठेवा. एका वहीला दोन मिनिटं धरली तर चाळीस वह्यांना ऐंशी मिनिटं. असे चार वर्ग म्हणजे पाच तास वीस मिनिटं, आणि हे फक्त एकाच स्वाध्यायाचं. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकासाठी तयारीसह आठवड्याला पंचेचाळीस तास ठरवले आहेत, त्यात हेही बसवायचं असतं. प्रत्येक वहीतली प्रत्येक चूक तांबड्या शाईने दुरुस्त करायला बसलात तर रविवारही पुरणार नाही, आणि मूल ते वाचतही नाही. एका वेळी एकच गोष्ट तपासा. या आठवड्यात फक्त शिरोरेघ, पुढच्या आठवड्यात विरामचिन्हं. ज्या वहीत ती चूक नाही तिथे नुसती सही.

मुलांची नावं पहिल्या आठवड्यात पाठ व्हायला हवीत. बसण्याचा आराखडा कागदावर काढून टेबलाच्या काचेखाली ठेवा आणि पहिले पंधरा दिवस जागा बदलू देऊ नका. हजारो पुस्तकांच्या जागा लक्षात ठेवणाऱ्याला चाळीस चेहरे जड नाहीत. गुजरातच्या शाळांत प्रत्येक मुलाला जी.आर. (जनरल रजिस्टर) नंबर असतो. दाखल झालेल्या पुस्तकाला मिळणाऱ्या दाखलनंबरासारखाच तो एकदा मिळाला की बदलत नाही, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही तोच येतो. ज्याला दाखलनोंदवही नीट ठेवता येते, त्याचं हजेरीपत्रक आणि निकालपत्रक सहसा चुकत नाही. शाळेत या गुणाची किंमत पहिल्या परीक्षेनंतर कळते.

मग वर्गातल्या पुस्तकपेटीकडे यावं. बडोद्यातल्या मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरश्या आहेत, वरच्या मजल्यावरचा उजेड खालच्या मांडण्यांपर्यंत झिरपावा म्हणून. वर्गात तेवढं सगळं लागत नाही. झाकणाची एक पेटी आणि मुलांइतकी पुस्तकं, अधिक दहा. शेवटच्या मुलालाही निवड उरावी म्हणून ही दहा. मराठी ८९१.४६, गुजराती ८९१.४७, मांडणीवर शेजारी आहेत, पेटीतही शेजारी राहू द्या. मुलांसाठी क्रमांक नकोत, कण्यावर रंगीत पट्टी पुरे: सोप्याला हिरवी, मध्यमला पिवळी, जाडजूडला निळी. पट्टी तळापासून दोन बोटं वर चिकटवा, अगदी कडेला लावली तर हाताच्या घामाने सुटते. नोंदवहीत चारच रकाने: पुस्तकाचा नंबर, मुलाचं नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. वही मुलांनीच सांभाळायची, दर महिन्याला नवी जोडी. देवघेव शुक्रवारी शेवटच्या तासाला. शनिवारी-रविवारी घरी वाचायला वेळ मिळतो. दंड ठेवू नका, दंडाच्या भीतीने मुलं पुस्तकं नेणंच थांबवतात. वर्षात काही प्रती हरवतील, फाटतील. त्या नंबरापुढे तांबड्या शाईने 'गहाळ' लिहायचं, तारीख घालायची आणि तो नंबर दुसऱ्या पुस्तकाला द्यायचा नाही.